तीळ, मीठ आणि सोलापूर

भीमा आणि सीना या नद्यांच्या आसऱ्याने वसलेल्या सोलापूरच्या काळ्या मुलखात भाकरीला तोंडी लावण्यासाठी घरोघर जी कोरडी चटणी कुटली जाते, तिला आज बाहेरचे लोक शेंगाचटणी याच एका नावाने ओळखतात. परंतु त्या चटणीच्या घटकांचा कालक्रम लावू गेल्यास शेंगदाणा हा तिच्यातील सर्वांत अलीकडचा पाहुणा ठरतो, मिरची त्याच्या आधीची, आणि मिरचीच्याही आधी मागे मागे जात राहिल्यास अखेरीस भाजलेले तीळ आणि मीठ एवढेच हाती उरते. ज्या घरात अजूनही तिळाची चटणी निराळी, कारळ्याची निराळी, जवसाची निराळी आणि शेंगांची निराळी अशा चार बरण्या फळीवर ओळीने मांडलेल्या असतात, त्या घरात या इतिहासाचे सारे टप्पे एकत्र नांदत असतात. सोलापूरचा विषय निघाला की चादरींचा, गिरण्यांचा आणि हुतात्म्यांचा उल्लेख होतो, आणि तो व्हावयासच हवा. पण या शहरावरून आणि जिल्ह्यावरून जी जी स्थित्यंतरे गेली, त्यांपैकी बहुतेकांनी आपला एकेक अंश या चटणीत मागे ठेवला आहे, आणि म्हणूनच तिचा वृत्तान्त हा या भूमीच्या इतिहासाचाच एक भाग समजून लिहिला पाहिजे, असे माझे मत आहे.

प्रथम भूमीचा विचार करू. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत सापडलेल्या या जिल्ह्यात वार्षिक पाऊस सरासरीने ५५० मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि तोही सारखा पडत नाही. मृगाचे चार थेंब येतात, मधे दीर्घ खंड पडतो, आणि खरा भरवसा उत्तरा व हस्ताच्या पावसावर ठेवावा लागतो. म्हणूनच येथील मुख्य पीक रब्बीची ज्वारी. मंगळवेढ्याच्या खोल काळ्या जमिनीने त्या गावाला ज्वारीचे कोठार ही पदवी मिळवून दिली, आणि मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ ही जात पुढे दक्षिणेतील कोरडवाहू शेतकऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या विश्वासाला पात्र झाली. पावसाच्या या लहरीपणाचे महत्त्व सरकारदरबारीही इतके जाणवले होते की, कोरडवाहू शेतीच्या अभ्यासासाठी १९३३ साली जी केंद्रे निघाली त्यांत सोलापूरचा समावेश होता. ज्वारी पिकली तर भाकरी मिळे. पण त्या भाकरीबरोबर खावयाचे काय, हा प्रश्न वर्षातील सहा-सात महिने तरी उभा राही, कारण भाजीपाल्याला पाणी लागते आणि पाणी विहिरीच्या तळाशी गेलेले असे. बिदरच्या सुलतानाची कोठारे भुकेल्यांसाठी खुली करणाऱ्या दामाजीपंतांची कथा मंगळवेढ्याच्याच मातीत रुजावी, ही गोष्ट या मुलखाच्या दुष्काळी स्मृतीची साक्ष देते. आणि १८७६ ते १८७८ या काळातील भीषण दुष्काळाने तर ती स्मृती अधिकच खोल कोरली.

अशा मुलखात अन्नाच्या अंगी दोन गुण असावे लागतात : ते टिकले पाहिजे आणि ते वाहून नेता आले पाहिजे. पहाटे घर सोडून दोन-तीन कोसांवरच्या शेतावर जाणारा कुणबी, जनावरांमागे दिवसभर रानोमाळ हिंडणारा धनगर, पंढरीच्या वाटेवर चालणारा वारकरी आणि दुष्काळी कामावर खडी फोडणारा मजूर, या सर्वांची शिदोरी एकाच प्रकारची असे. ज्वारीची भाकरी पातळ थापून, तव्यावर भाजून, नंतर मंद निखाऱ्यावर आणि वाऱ्यावर वाळवली की तिची कडक भाकरी होते, आणि ती कित्येक दिवस खराब होत नाही. सोलापूरच्या कडक भाकरीची ख्याती याच गुणावर उभी आहे. पण भाकरी टिकली आणि कालवण आंबले, तर शिदोरीचा उपयोग काय? म्हणून कडक भाकरीला साजेशी, पाण्याचा थेंबही न लागलेली, सांडली तरी धडप्यातून वेचून घेता येईल अशी चटणी जन्माला आली. भाकरी जिरायत जमिनीने दिली, आणि तिची जोडीदारीणही त्याच जमिनीने दिली. कारण तीळ हे पीक थोडक्या पाण्यावर भागवणारे आहे.

खरिपात बाजरी किंवा तूर यांच्या ओळींमधून, हलक्या माळरानावर तीळ पेरावेत, आणि साधारण तीन महिन्यांत ते काढणीस यावेत, असा येथील जुना परिपाठ. तिळाची बोंडे पूर्ण वाळली की आपोआप तडकतात आणि दाणा मातीत सांडतो, म्हणून पाने पिवळी पडू लागताच झाडे कापून त्यांच्या पेंढ्या खळ्यावर उभ्या करतात, आणि बोंडे उघडली की पेंढ्या उलट्या धरून हलकेच झटकतात. एवढ्याशा दाण्यासाठी एवढी दक्षता घेण्याचे कारण असे की, त्या दाण्याच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग तेलाचा असतो. हडप्पा येथील उत्खननात जळालेल्या तिळांचा गोळा सापडला आहे आणि अथर्ववेदातही तिळाचा निर्देश येतो. तेव्हा मनुष्याने या देशात जपलेल्या तेलबियांमध्ये तिळाचे स्थान अत्यंत प्राचीन आहे यात संशय नाही. पितरांच्या तर्पणात तीळ, होमात तीळ, षट्तिला एकादशीला स्नान, उद्वर्तन, हवन, तर्पण, भक्षण आणि दान अशा सहा प्रकारांनी तीळ. जे धान्य जन्मापासून श्राद्धापर्यंत हाताशी असावे लागे, ते घरात साठवण्याची रीत प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असणे अपरिहार्य होते.

सोलापुरात तर या तिळाच्या ऋतूलाच नगराचा महोत्सव जडला आहे. बाराव्या शतकात, बसवेश्वरांच्या काळात, ज्यांनी सोन्नलगी नावाच्या या वस्तीत तलाव खोदविला, अडुसष्ट लिंगांची स्थापना केली आणि श्रमालाच उपासनेचे रूप दिले, त्या सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा संक्रांतीलाच भरते. भोगीच्या दिवशी उंच नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक घडतो, त्याला येथील लोक यण्णीमज्जन म्हणतात. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येच्या विवाहाचा अक्षता सोहळा होतो. यात्रेला आलेला खेडूत घरून निघताना भोगीच्या तीळ लावलेल्या भाकरीचा तुकडा आणि तिळाची चटणी बांधून घेई, आणि परतताना नव्या तिळाची खरेदी करून जाई. थंडीच्या दिवसांत स्निग्ध आणि उष्ण पदार्थ खावेत हा आयुर्वेदाचा सल्ला, खरिपाचे तीळ नुकतेच घरात आल्याची सोय आणि देवाच्या अभ्यंगाची पुण्याई, अशा तिन्ही गोष्टी येथे पौषातील त्या एकाच आठवड्यात येऊन मिळतात.

तीळ घरचे, पण मीठ मात्र बाहेरचे. समुद्रापासून दूर पडलेल्या या मुलखाला मीठ मिळे ते कोकणातील मिठागरांचे, आणि ते घाट चढून येई वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून. तांडे वर येताना मीठ आणीत आणि उतरताना धान्य नेत. वाटेतील प्रत्येक नाक्यावर जकात द्यावी लागे, आणि कसब्याच्या पेठेत येईपर्यंत मिठाचा भाव समुद्रकाठच्या भावाच्या कित्येक पटींनी चढलेला असे. गावगाड्यात तेली आपल्या घाण्यातून तेल काढी आणि त्याच्या धंद्यावर मोहतर्फ्याचा आकार बसे. मिठावर जकात बसे. याचा अर्थ असा की, गरिबाच्या चटणीतील दोन घटकांपैकी एकही असा नव्हता की ज्याचा अंमलदारांच्या दप्तराशी संबंध पोहोचत नव्हता. निजामशाही आणि आदिलशाही यांनी सोलापूरचा किल्ला आणि त्याखालील परगणे यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या लढाया केल्या, त्याच किल्ल्याला वधूच्या आंदणातही गोवले, मोगल आले, पेशवाई आली, आणि १८१८ च्या मे महिन्यात जनरल मन्रोने तो किल्ला सर केला. पण या साऱ्या उलाढालींत रयतेला जाणवणारा राज्यकर्त्यांतील फरक बहुधा सारा आणि जकात यांच्या आकड्यांतच दिसून येई.

इंग्रजी अंमलात लोहमार्ग आला आणि वंजाऱ्यांच्या तांड्यांचे युग संपले. १८६० साली आगगाडी सोलापूरला पोहोचली, १८६३ साली बोरघाटाची चढण लोहमार्गाने जिंकली, आणि मुंबईपासून सोलापूरपर्यंत माल अखंड येऊ लागला. मीठ येणे सुलभ झाले, तथापि त्यावरील कर मात्र जाचक राहिला. १८८८ साली तो मणामागे अडीच रुपयांवर नेण्यात आला, आणि जो मनुष्य भाकरीबरोबर तूप, दही वा भाजी खाऊ शकत नव्हता, त्याच्याच ताटात मिठाचे प्रमाण सर्वांत अधिक असल्यामुळे या कराचा भारही त्याच्यावरच सर्वांत अधिक पडला. १९३० साली महात्मा गांधींनी दांडीला मूठभर मीठ उचलले, तेव्हा त्या कृतीचा अर्थ सोलापूरच्या गिरणीकामगाराला कोणी समजावून सांगावा लागला नाही, याचे कारण येथे आहे. मे महिन्यात गांधीजींना अटक होताच शहरात क्षोभ उसळला, गोळीबार झाला, १२ मे पासून ३० जूनपर्यंत लष्करी कायदा पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी, ऐन गड्डा यात्रेच्या तोंडावर, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. मिठावरील तो कर १९४७ साली उठला. एखाद्या चिमटीची किंमत किती मोठी असू शकते, हे ज्या शहराने इतक्या जवळून पाहिले, त्या शहराने आपल्या चटणीतील मिठाकडे आदराने पाहावे, हे योग्यच होय.

आता तिखटाकडे वळू. मिरची ही मूळची अमेरिकेची, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली. त्यापूर्वी या देशात तिखटपणा येई तो मिरी, आले, पिंपळी, लसूण आणि मोहरी यांच्यापासून. मिरी हा मलबारचा महाग माल असल्यामुळे तो कुणब्याच्या उखळात रोज पडणे शक्य नव्हते, आणि म्हणून मिरचीपूर्वीची सामान्य घरातील चटणी ही तीळ, मीठ आणि फार तर लसूण एवढ्यावरच भागत असावी, असे अनुमान काढण्यास हरकत नाही. मिरची परसात उगवते, उन्हात वाळते आणि वर्षभर राहते. जेथे भाज्या दुर्मीळ तेथे तिने जिभेला दिलासा दिला, आणि दख्खनच्या पठारावर ती इतकी मुरली की तिच्यावाचून चटणीची कल्पनाच करवेना.

शेंगदाण्याची गोष्ट त्याहूनही नवी. भुईमूगही अमेरिकेतूनच आला. परंतु व्यापारी पीक म्हणून त्याने या देशात मूळ धरले ते एकोणिसाव्या शतकात, प्रथम मद्रास इलाख्यात अर्काटच्या बाजूस, जेथून त्याच्या शेंगा फ्रान्सच्या मार्सेय बंदरातील तेल-गिरण्यांकडे जात. मुंबई इलाख्यातही तो पसरला, शतकाच्या अखेरीस रोगाने त्याला ग्रासले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी शेतकी खात्याने परदेशी जाती आणून दिल्यावर तो पुन्हा सावरला. लोहमार्ग, बार्शीसारखी तेलबियांची आणि कापसाची पेठ, १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी आणि तेलाची वाढती मागणी, या सर्वांच्या संयोगाने भुईमूग जिरायत शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा देणारे पीक ठरला. आणि जो दाणा विकावयास पेरला, त्यातील मूठभर घरच्या उखळात पडणे स्वाभाविकच होते. तिळापेक्षा तो स्वस्त, भरभक्कम आणि पोटभरीचा. त्याने चटणीला गोडवा दिला, भुकेल्याला आधार दिला, आणि काही पिढ्यांतच तो इतका आपला झाला की उपवासाच्या फराळातही त्याला मानाचे स्थान मिळाले.

शेंगाचटणीला सोलापूरची चटणी बनविण्याचे श्रेय मात्र गिरण्यांना द्यावे लागेल. १८७७ साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू झाली, तीच पुढे जुनी गिरणी म्हणून प्रसिद्धी पावली. तिच्या मागोमाग नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी या गिरण्या उभ्या राहिल्या, आणि भोंग्याच्या आवाजावर घड्याळ लावणारे एक नवे शहर जुन्या कसब्याभोवती वसले. खेड्यांतून मराठी शेतकरी आला, दक्षिणेकडून कानडी बोलणारा लिंगायत आला, तेलंगणातून पद्मशाली विणकर हातमाग घेऊन आला आणि शहराच्या पूर्वभागात स्थिरावला, आणि उर्दू बोलणारे मुसलमान कारागीर तर पूर्वीपासून होतेच. या प्रत्येकाच्या घरात कोरड्या चटणीची स्वतःची परंपरा होती. कानडी घरात गुरेळ्ळू म्हणजे कारळे आणि अगशी म्हणजे जवस यांच्या चटणीपुडी बनत. तेलुगू घरात नुव्वुल पोडी, म्हणजे तिळाचीच पूड, भातावर तेलाची धार सोडून खाल्ली जाई. मराठी घरात येसूर आणि तिळकूट होते. पाळीला जाताना डब्यात घालता येईल, विटणार नाही आणि थोड्या खर्चात भागेल, अशा अन्नाची गरज या सर्वांना सारखीच असल्यामुळे चाळीच्या एकाच व्हरांड्यात या परंपरा शेजारी शेजारी आल्या आणि एकमेकींच्या बरण्यांतून फिरल्या. विड्या वळणाऱ्या स्त्रिया, गिरणीच्या रिळ विभागात उभ्या राहणाऱ्या स्त्रिया, घरी उखळ घेऊन बसणाऱ्या स्त्रिया, यांच्या हातांनी ही चटणी घडली. तिच्या जन्मदात्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत, याचे कारण त्या साऱ्या स्त्रिया होत्या.

तिळाची चटणी करण्याची रीत सांगण्यास सोपी, पण हाताला वळण लागेपर्यंत अवघड. गावरान, न सोललेले, किंचित करड्या रंगाचे तीळ घ्यावेत. ते सुपात पाखडून खडा-माती काढावी, पाण्यात चोळून धुवावेत, तळाशी बसलेली बारीक वाळू मागे राहू द्यावी, आणि फडक्यावर पसरून खणखणीत उन्हात वाळवावेत. जाड बुडाच्या लोखंडी कढईत मंद आचेवर थोडे थोडे घालून ते भाजावेत, उलथणे थांबू देऊ नये. प्रथम वाफ निघते, मग सुगंध सुटतो, मग दाणे तडतडू लागतात आणि बोटांत चुरडले असता सहज फुटतात. त्या क्षणी ते खाली उतरवून ताटात पसरावेत, कारण तापलेल्या कढईत राहिले तर पुढच्या अर्ध्या मिनिटात कडवटपणा येतो. खडेमीठही निराळे भाजून घ्यावे. मिरच्या देठ काढून तेलाच्या हातावर परतलेल्या असाव्यात. लसूण सालासकट घेणारी घरेही आहेत. उखळात प्रथम मीठ, मिरची, जिरे आणि लसूण कुटावेत, म्हणजे मिठाच्या कणांच्या घर्षणाने लसूण एकजीव होतो. तीळ सर्वांत शेवटी आणि पूर्ण निवाल्यावरच घालावेत, आणि मुसळाचे घाव हलके, उभे व मोजके ठेवावेत, जेणेकरून निम्मे दाणे फुटतील आणि निम्मे अखंड राहतील. तीळ गरम असताना कुटले तर तेल एकदम सुटून पेंड होते, आणि पाट्यावर वरवंट्याने रगडले तर चटणीचा लगदा होतो. शेंगदाण्याच्या बाबतीत मात्र नियम उलटा आहे : तेथे दाणे कुटून कुटून तेल सुटावे, हाताने दाबले असता मूठ वळावी, असे मानतात, आणि सोलापूरच्या शेंगाचटणीचे सारे मर्म या सुटलेल्या तेलात आहे.

करण्याइतकीच साठवण्याचीही विद्या आहे. तीळ कुटताच त्यातील तेल हवेशी संबंधात येते, आणि हवा, उष्णता, प्रकाश आणि ओल हे चार शत्रू त्याला खवट करू पाहतात. तिळाच्या तेलात निसर्गतःच असणारी सेसमोलिनसारखी द्रव्ये, आणि भाजताना त्यांतून उत्पन्न होणारे सेसमोल, या शत्रूंना बराच काळ थोपवून धरतात, म्हणून तिळाची चटणी शेंगदाण्याच्या चटणीहून अधिक दिवस ताजी राहते; हे कारण रसायनशास्त्राने अलीकडे सांगितले, परंतु त्याचा अनुभव गृहिणींना पूर्वीपासून होता. समुद्राचे मीठ हवेतील ओल ओढून घेते, आणि तो दोष त्यातील मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे वाढतो. मीठ भाजून घालण्याची रूढी त्यासाठीच पडली. पूर्वी चटणी ठेवीत ती आतून झिलई दिलेल्या चिनी मातीच्या बरणीत किंवा पक्क्या भाजलेल्या लहान गाडग्यात. तोंडावर धुतलेले कोरडे फडके बांधीत, चुलीपासून दूर, उजेड न येणाऱ्या फळीवर ठेवीत, आणि ओला चमचा वा ओला हात लावण्यास घरातील लहानथोर सर्वांना मनाई असे. मोठ्या बरणीतून आठवड्यापुरती चटणी लहान डबीत काढून घ्यावयाची आणि मोठी बरणी पुन्हा बंद करावयाची, हा नियम सर्वत्र पाळला जाई. पावसाळ्यात थोडी थोडी आणि वारंवार करावी, हिवाळ्यात अधिक करून ठेवण्यास हरकत नाही. आणि साठवण करावयाची ती कुटलेल्या चटणीची न करता अखंड, वाळलेल्या तिळांची करावी, कारण टरफल शाबूत असेपर्यंत दाणा स्वतःचे रक्षण स्वतःच करतो.

हा विचार केवळ आपल्याच भूमीला सुचला असे नव्हे. जपानात भाजलेले तीळ आणि मीठ खोबणीदार मातीच्या भांड्यात लाकडी दांड्याने रगडून गोमाशिओ बनवितात, आणि शुभप्रसंगी केलेल्या तांबड्या घेवड्यांच्या भातावर काळ्या तिळांचा मिठासह शिडकावा करतात; विसाव्या शतकात जॉर्ज ओसावा यांच्या आहारपंथाने गोमाशिओला युरोप-अमेरिकेत नेले. इजिप्तमध्ये दुक्का, सीरिया व पॅलेस्टाइनच्या बाजूस झातर, यांतही तीळ आणि मीठ आहेतच, आणि तेही रोटीबरोबरच खाल्ले जातात. धान्य हेच जेथे मुख्य अन्न, अशा मुलखांत माणसाची बुद्धी तेलबी व मीठ यांच्या संयोगाकडे वळली, आणि सोलापूरचे उखळ त्या विस्तृत कुटुंबातीलच एक घर आहे.

आज परिस्थिती पालटली आहे. १९८० साली उजनीचे धरण पूर्ण झाले, कालव्यांच्या पाण्यावर उसाचे मळे उभे राहिले, जिल्हा साखर कारखान्यांचा जिल्हा झाला, आणि बाजरीच्या ओळींत मिसळून पेरला जाणारा तीळ शेतांतून हळूहळू मागे हटला. उखळाची जागा वाटणाच्या यंत्राने आणि गल्लोगल्लीच्या डंकांनी घेतली. गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थांबले, परंतु शेंगाचटणी मात्र कामगाराच्या डब्यातून निघून पाकिटात शिरली आणि देशोदेशी गेली. ही प्रगती आहे, आणि अनेक महिला बचत गटांना तिने रोजगार दिला, म्हणून तिचे स्वागतच केले पाहिजे. पण पाकिटात गेली ती एकच चटणी. कारळे, जवस आणि तीळ यांच्या चटण्या मागे राहिल्या, आणि त्यांच्याबरोबर त्या करण्याचे, भाजण्याचे व टिकविण्याचे ज्ञानही मागे पडू लागले आहे.

या ज्ञानाची नोंद व्हावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सोलापूरच्या विणकामाचा अभ्यास होतो, शिलालेखांचे वाचन होते, ज्वारीच्या जातींचे आणि करडईचे संशोधन येथे चालते, मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्याच आस्थेने मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतील कोरड्या चटण्यांची प्रमाणे, भाजण्याच्या खुणा आणि साठवणीचे नियम, ज्या स्त्रियांना ते तोंडपाठ आहेत त्यांच्याकडून, त्यांच्या हयातीत, लिहून घेतले पाहिजेत. पाऊस पुढेही लहरीच राहणार आहे आणि थोडक्या पाण्यावर येणारी पिके पुन्हा मोलाची ठरणार आहेत. अशा वेळी बांधालगत चार ओळी तीळ पेरणारा शेतकरी आणि तो तीळ कसा भाजावा, किती कुटावा व कसा ठेवावा हे जाणणारी गृहिणी, या दोघांची या जिल्ह्याला पूर्वीइतकीच गरज भासेल. दुष्काळाशी शतकानुशतके झगडून या मुलखाने जे शहाणपण कमावले, ते वापरात ठेवणे हे आपल्या पिढीचे कर्तव्य आहे, आणि ते पार पाडण्यास मूठभर तीळ, चिमूटभर मीठ आणि थोडा वेळ एवढे भांडवल पुरेसे आहे.